महिपतचा आठवा दिवस

मिरकरवाड्याच्या बर्फ कारखान्यात महिपत सव्वीस वर्षं एकाच गोष्टीवर जगला. त्याच्यावाचून अडतं. आणि अडण्याची सोय त्यानेच करून ठेवली होती.

तरुणपणी सावर्ड्याला कॉम्प्युटरचा सहा महिन्यांचा कोर्स करून त्याने एक प्रोग्रॅम लिहिला. खाऱ्या पाण्याच्या टाकीतली डब्यांची कुठली रांग गोठली, बर्फाच्या लाद्या कुठल्या काढायच्या, एवढंच तो सांगे. त्याला जास्त काही येत नव्हतं, महिपतलाही नव्हतं. पण आत त्याने दिवस मोजणारी एक ओळ दडवली होती. दर आठव्या दिवशी प्रोग्रॅम थांबे आणि परवलीचा शब्द मागे. तो फक्त महिपतला ठाऊक. धक्क्यावर होड्या खोळंबत, तांडेल शिव्या घालत, मालकीण गुणवंतीबाई फोन करत, "महिपत, बसला रे तुझा कॉम्प्युटर." महिपत आपला चहा संपवून येई, सगळ्यांना खोलीबाहेर काढी, आणि बाहेर येताना चेहरा असा करी जणू बाळंतपण उरकून आलाय.

गेल्या वर्षी तो कॉम्प्युटर धूर सोडून मेला. महिपत मनातून सुखावला. नव्या यंत्रावर असला जुना प्रोग्रॅम चालत नाही, हे त्याला पक्कं माहीत होतं. पण बाईंच्या सुनेने, शमिकाने, जुन्या डिस्कवरचं सगळं उतरवून नव्या कॉम्प्युटरच्या पोटात जुन्याचं हुबेहूब सोंग उभं केलं. त्याला ती व्हर्च्युअल मशीन म्हणाली. प्रोग्रॅमला आपण कुठे आहोत ते कळलंही नाही.

महिपत गालात हसला. आठवा दिवस येऊ दे.

तो आला. फोन आला नाही. दुपारी हा आपणहून गेला, न बोलावता, पहिल्यांदाच.

"अडलं असेल ना गो?" त्याने शमिकाला विचारलं.

"सकाळी अडलं होतं, काका. मशीनची पहिल्या दिवशीची प्रत ठेवली होती, तिच्यावर परत नेलं. आता रोज टाकी रिकामी झाली की आपोआप तिथेच जाईल. त्याला कायम पहिलाच दिवस."

"आणि शब्द मागतो तो?"

"चूक असणार लिहिणाऱ्याची. शोधत कोण बसतंय."

चूक. चूक नव्हे, मुद्दाम घातलंय, हे महिपतच्या ओठांवर आलं. जन्मात केलेली तेवढी एकच हुशारी. पण शेजारी गुणवंतीबाई बसल्या होत्या.

"असेल," तो म्हणाला.

"रिकामा आहेस तर लाद्या ओढायला जा," बाई म्हणाल्या. "माणूस कमी आहे."

पडद्यावर त्याचाच प्रोग्रॅम सांगत होता, रांग तीन. महिपत तिसऱ्या रांगेकडे गेला.