डोंगरातली बदली

शिजणाऱ्या हळदीचा मातकट, गरम वास नाकात शिरला की मला कुरुंद्याच्या आमच्या शेतातली एक दुपार आठवते. मी बँकेत होते. बढती मिळाली होती, पण बदली थेट हिमाचलातल्या एका डोंगरावरच्या गावी, आणि जायचं की नाही ते संध्याकाळपर्यंत कळवायचं होतं. शाखेत बसवेना, म्हणून अर्धी रजा टाकून मी शेतात गेले. यजमान हळदीच्या कढईखाली तुराट्या सारत होते, धुरानं त्यांचे डोळे लाल झाले होते. मी बांधावर बसले, उठले, कढईभोवती फिरले, पुन्हा बसले. "लेकराची शाळा हाय, मामंजींना बराबर दिसत न्हाई," मी म्हणाले. "आमी बघू," ते म्हणाले. "तिकडं बर्फ पडतो म्हणं," मी म्हणाले. "पडत आसंल." मला राग आला. "तुमी काहून काहीच बोलून न्हाई राहिले?" तेव्हा त्यांनी माझ्याकडं बघितलं. "मी जाऊ नको म्हणावं म्हणून आलीस तू. म्हंजे पुढं बोल माझ्यावर यील. मी न्हाई म्हणणार तसं." आणि ते पुन्हा जाळाकडं वळले. मी बांधावरूनच साहेबांना फोन लावून होकार दिला. काही वर्षं डोंगरात काढून आता मी परत आले आहे. लेकरू मोठं झालंय, मामंजी माझ्या माघारी गेले. यजमानांनी मला अडवलं नाही, हे मी सगळ्यांना कौतुकानं सांगत आले. पण 'जा' असंही ते म्हणाले नव्हते, हे परवा त्यांच्या शेजारी चहा पिताना लक्षात आलं, आणि तेव्हा त्यांच्या मनात काय होतं, हे अजून मला त्यांना विचारवत नाही.