दिव्यासमोर धरलेले मणी

दोन हजार तीनच्या हिवाळ्यात मी अमेरिकेत, नेपरव्हिलजवळच्या एका छोट्या संग्रहालयात फुकट काम करत होते. माझ्या व्हिसावर नोकरीची परवानगी नव्हती आणि नुसतं घरात बसून राहणं माझ्या स्वभावात नव्हतं. काम होतं प्राचीन रोमन बायकांच्या दागिन्यांतले काचेचे मणी रंगाप्रमाणे वेगळे करायचं. त्यातले काळे मणी मला भारी आवडत. हुबेहूब आपल्या मंगळसूत्रातले. फरक एवढाच, की दिव्यासमोर धरले की ते काळे राहत नसत, गडद हिरवे दिसत.

त्या आठवड्यात नवरा हॉस्पिटलात होता. हृदयाचं ऑपरेशन दुसऱ्या दिवशी ठरलेलं. "इथे बसून माझं तोंड काय बघतेस? जा तुझ्या रोमन बायकांकडे," म्हणून त्यानंच मला पिटाळलं. पुण्याहून आलेल्या सासूबाई त्याच्यापाशी होत्या.

दुपारी त्यांचा फोन आला. "अगं, लवकर ये. आत्ताच आत नेणार म्हणतायत. तो तुला विचारतोय."

मी ताडकन उठले. मंगळसूत्र दिव्याच्या दांडीत अडकलं आणि तुटलं. आपल्यात हा शब्द उच्चारत नाहीत, 'वाढलं' म्हणतात. मी मुद्दाम लिहिते आहे. माझे काळे मणी थेट रोमन मण्यांच्या ट्रेमध्ये सांडले.

"राहू दे, तू जा," तिथली मुख्य बाई म्हणाली. "आम्ही वेगळे करून ठेवू."

हॉस्पिटल दहा मिनिटांवर होतं. पण शकुन-अपशकुनांवरून सासूबाईंना आयुष्यभर चिडवणाऱ्या माझेच पाय हलेनात. आज, या घडीला, मोकळ्या गळ्यानं त्याच्यासमोर जायचं? आणि घाईत कुणा मेलेल्या बाईचा मणी माझ्या गळ्यात आला तर? मी खाली बसले. एकेक मणी दिव्यासमोर धरत गेले. हिरवा दिसला की ट्रेमध्ये, काळा राहिला की माझा. तुटलेल्या दोऱ्यात घाईनं ओवलेला मणी पुन्हा निसटायचा. देवा, एवढं होऊ दे, एवढं होऊ दे, म्हणत मी रडत होते. फोन पुन्हा वाजला, तो उचलला नाही. पाऊण तास गेला. अक्कल गहाण टाकणं म्हणजे काय, ते मला विचारा.

पोचले तेव्हा त्याला आत नेलं होतं. सासूबाई बाहेर बसल्या होत्या. त्यांनी माझ्या गळ्याकडे पाहिलंसुद्धा नाही.

"कुठे होतीस गं? पाच मिनिटं थांबा, ती येतेच आहे, असं दोनदा म्हणाला तो डॉक्टरांना."

तो पुन्हा शुद्धीवर आला नाही.

महिन्याभरानं संग्रहालयातून एक पाकीट आलं. आत तीन काळे मणी होते. टेबलाखाली सापडले, उजेडात हिरवे दिसत नाहीत, म्हणजे तुझेच असणार, अशी चिठ्ठी होती.

म्हणजे सगळे मणी मला मिळालेही नव्हते. ज्याच्यासाठी मी त्याला ताटकळत ठेवलं, ते मंगळसूत्र तीन मण्यांनी अपुरंच होतं.