शंभर बैठका

कुसुमताईंनी व्यायामाचे व्रत अखेरच्या श्वासापर्यंत मोडले नाही, असे शोकसभेत तीन वक्त्यांनी सांगितले. तिसऱ्याने तर ‘तपश्चर्या’ हा शब्दही वापरला. मी दुसऱ्या रांगेत होते. उठायचा कंटाळा आला म्हणून दुरुस्ती केली नाही. कुसुमचे ते व्रत सतराव्या वर्षीच मोडले आणि पुढची पन्नास वर्षे तिने त्याचे नाव काढले नाही. मोडले तेव्हा मी तिच्या मागेच रांगेत उभी होते.

हैदराबादेतल्या आमच्या शाळेत ड्रिलच्या बाई आम्हां मुलींकडून रोज पंचवीस बैठका काढून घेत. कुसुम शंभर काढायची, आणि वर एक, मोजण्यात चूक झाली असेल तर म्हणून. आम्ही मॅट्रिक झालो त्या वर्षी हैदराबाद राज्याचे तीन तुकडे व्हायचे होते. माणसे, फायली, कपाटे, सगळ्यांची वाटणी चालली होती. बाईंचे यजमान सरकारी नोकरीत. ते मराठवाड्याच्या वाट्याला गेले, म्हणून बाईही औरंगाबादला निघाल्या. मुलींचा व्यायाम कुणाच्याच वाट्याला आला नाही. निरोप घ्यायला गेलो तेव्हा बाई कुसुमला म्हणाल्या, “कॉलेजात गेलेल्या पोरी एकदा बसल्या की बसतात. तू उठत राहा.” कुसुमने मान डोलावली. तिला ते शपथेसारखे वाटले असावे... मला आपले पाय दुखायचे थांबणार याचा आनंद होता.

कॉलेजच्या प्रवेशाला मुलाखत होती. टेबलामागे एक पोक्त उर्दूभाषक बाई, टेबलापुढे कुसुम आणि काळी टोपी घातलेले तिचे वडील. बाईंनी शौक विचारला. कुसुम अभिमानाने म्हणाली, “रोज बैठक करती मैं.”

बाईंची लेखणी थांबली. त्यांच्या लेखी बैठक म्हणजे गाण्याची मैफल, तीही भल्या घरच्या मुलींनी करण्यातली नव्हे. “बैठक में कौन-कौन आते?”

“कोई नहीं आता. अकेली इच करती. सुबह-सुबह, सौ.”

कुसुमच्या वडिलांची सारी नोकरी उर्दू फायलींत गेलेली. त्यांना शब्दाचे दोन्ही अर्थ ठाऊक होते. ‘कसरत’ एवढे म्हणाले असते तरी भागले असते. पण लेक पहिलवानासारख्या उठाबशा काढते, हे मैफलीहून अवघड वाटले असावे. ते म्हणाले, “भजन गाती जी, घर में.” कुसुमने वळून माझ्याकडे पाहिले. मी सांगू शकले असते. माझी पाळी आली तेव्हा मी ‘कशिदा’ म्हणाले. मला साधे बटणही लावता येत नव्हते.

घरी गेल्यावर वडिलांनी बजावले, आता हे पुरे. चिक्कडपल्लीच्या त्या दोन खोल्यांत त्यांच्या नजरेआड उठण्याबसण्याइतकी जागा नव्हती. कुसुम चार वर्षे कॉलेजच्या भजनात मागच्या ओळीत उभी राहिली. ती बेसूर होती, पण उभी तरी होती. आम्ही बाकीच्या बसलो.

सदुसष्टाव्या वर्षी तिचे गुडघे गेले. डॉक्टरांनी सांगितले, खुर्चीवरून हात न टेकता उठा, बसा, रोज दहा वेळा. त्याच दिवशी तिचा फोन आला. “मालू, डॉक्टरनं बैठका लिहून दिल्यात गं. कागदावर. शिक्क्यासकट.” मी मुलाखतीच्या दिवसाची माफी मागायला सुरुवात केली, तर म्हणाली, “राहू दे. कशिदा कुठवर आला?”

शेवटची भेटले तेव्हाही ती घरातल्या सागवानी खुर्चीतून उठत होती, मोठ्याने मोजत. दहा झाले, आणि वर एक.

तिच्या भाचीने ती खुर्ची माझ्याकडे पाठवली आहे. काल मी तिच्यावरून तीनदा उठले. त्यातले एकदा दारावरची बेल वाजली म्हणून.