उंटावरून कोपनहेगन

सौदीतल्या जेद्दाच्या शराफिया बाजारात गावी जाणाऱ्या माणसांची बॅगांसाठी नेहमीच झुंबड. तिथल्या एका दुकानात गळ्यात मोजपट्टी अडकवून सिराजुद्दीन उभा असायचा आणि गिऱ्हाइकाला बजावायचा, ह्या विमानाला ही बॅग चालेल, त्या विमानाला नेलीत तर काउंटरवर रडत बसाल. त्याचं कधी चुकलं नाही. पण हा झाला पोटाचा धंदा. त्याचा खरा धंदा म्हणजे फोनवरून घर चालवणं, आणि त्यात त्याचा हात धरणारा अख्ख्या शराफियात कुणी नव्हता.

लग्नानंतर कितीतरी वर्षं बायको रईसा दाभोळजवळच्या गावात आणि हा इथं. कौलं कुठल्या कोपऱ्यापासून परतायची, नारळ पाडायला कुणाला बोलवायचं, नणंदेच्या साखरपुड्याला बिर्याणी कोण शिजवणार, सगळं जेद्दातून ठरायचं. रईसा बाजारात सुरमईपुढं उभी असायची आणि हा समुद्रापलीकडून विचारायचा, कल्ला उचलून बघितलास का. गावातले म्हणायचे, सिराजुद्दीन अरबांच्या देशात गेलाय तो उंटावरून शेळ्या हाकायलाच. रईसा हसायची आणि कल्ला उचलून बघायची. दुसरं काय करणार होती बिचारी?

पुढं त्यानं बायको-मुलांना जेद्दाला आणलं. पण जित्याची खोड अशी जाते थोडीच! रईसा खालच्या दुकानात दूध आणायला उतरली तरी ह्याचा फोन वाजायचा, उतरलीस का, पोचलीस का.

आणि मग कोपनहेगन निघालं. शेजारीपाजारी दुबईला जात होते, तुर्कीला जात होते. पण सात वर्षांच्या लेकीनं, दुआनं, कुठल्याशा व्हिडिओत तिवोली नावाची बाग पाहिली होती. झाडांच्या शेंड्यांवरून गरगर फिरणारे साखळ्यांचे झोपाळे, खाली फुलं, दिवे. बास, मुलीनं तोच घोशा लावला. सिराजुद्दीननं मग सगळी सहल आखली. जलपरीचा पुतळा कधी, कालव्यातली बोट कधी, पायऱ्यांऐवजी चढाच्या वाटेनं वर जाणारा तो गोल बुरूज कधी, कुठली बस कुठं सोडते. कोपनहेगनच्या माणसाला माहीत नसेल इतकं त्याला तोंडपाठ झालं.

ऐन वेळी घोडं अडलं. दुकानातला दुसरा माणूस शाहिद अपेंडिक्सच्या ऑपरेशनसाठी दवाखान्यात पडला आणि कफील, म्हणजे दुकानाचा अरब मालक, म्हणाला, उन्हाळा म्हणजे बॅगांचा मोसम, दुकान बंद राहणार नाही, तू पुढच्या वर्षी जा. खलास. रईसा म्हणाली, मग आम्हीही नको. दुआनं सोफ्यात तोंड खुपसलं. तेव्हा सिराजुद्दीन छाती पुढं काढून म्हणाला, "तुम्ही जा. मी आहे ना फोनवर."

रईसा कधी एकटीनं परक्या गावात फिरली नव्हती. तिला स्वतःची नव्हती इतकी दुआची धास्ती. ती पोर म्हणजे पायाला भिंगरी. जेद्दाच्या समुद्रकाठी, कॉर्निशवर, एकदा फुगेवाल्याच्या मागं गेली होती, तर सापडेपर्यंत रईसाच्या तोंडचं पाणी पळालं होतं. नवऱ्यानं समजूत घातली, की थोरला नबील तेरा वर्षांचा आहे, इंग्लिश फाडफाड बोलतो, आणि तुमचा निळा ठिपका माझ्या फोनवर दिसतच राहणार.

पहिला दिवस झकास गेला, म्हणजे सिराजुद्दीनच्या मते. गिऱ्हाइकाला बॅग दाखवता दाखवता तो कानातल्या वायरीतून कोपनहेगन चालवत होता. पुढच्या कोपऱ्याला डावीकडे. थांब, सिग्नल बघ. आता ओलांडा. जलपरीपाशी रईसा म्हणाली, दुआ अजून बघतेय, हिला पाय आहेत का शेपूट ते तिला ठरवायचंय. हा म्हणाला, फोटो काढा, घरी बघता येईल, बोट सुटेल. बोट मिळाली. नबीलनं आईच्या फोनवरून बापाला मेसेज टाकला, 'ऑन टाइम, अब्बा'. सिराजुद्दीन खूश.

दुसऱ्या दिवशी तिवोली. दुपारची असरची नमाज उरकून त्यानं दुकानाचं शटर उघडलं तेव्हा निळा ठिपका बागेच्या फाटकाशी आला होता. त्यानं सूचना चालू केल्या. आत शिरल्यावर सरळ जायचं नाही, डावीकडे वळायचं, झोपाळ्यांची रांग तिकडून लहान पडते. नकाशा बघ. अगं डावीकडे, ठिपका उजवीकडे का सरकतोय? रईसा हो हो करत होती. पलीकडं गर्दी होती, कुठंतरी बँड वाजत होता. आणि एकदम रईसाचा आवाज आला, "दुआ!"

फोन कट झाला.

त्यानं उलटा लावला. लागेना. पुन्हा लावला. काही क्षण वाजला आणि मग बंदच झाला. मेसेज टाकला, त्याला एकच टिक. निळा ठिपका फाटकाच्या आत दोन बोटांवर जो थांबला तो थांबला.

आधी त्यानं स्वतःला समजावलं, बॅटरी संपली असेल. पण बॅटरी संपणारा माणूस 'दुआ' म्हणून ओरडत नाही. नबीलचा फोन फक्त हॉटेलच्या वायफायवर चालायचा, तो तर बंदच. हॉटेलला विचारलं, ते म्हणाले अजून कुणी आलेलं नाही. शेजारच्या माल्मो गावात ओळखीतल्या एकाचा भाऊ राहतो म्हणून त्याचा नंबर मिळवला, त्यानं उचलला नाही. एक मलबारी गिऱ्हाईक मोठी बॅग मागत होतं, त्याच्यापुढं ह्यानं लहान मुलाची गुलाबी ट्रॉली ठेवली. माणूस बघतच राहिला. सिराजुद्दीनला ते कळलंही नाही. त्याला फुगेवाला दिसत होता. परक्या देशातला, परक्या भाषेतला, आणि त्याच्यामागं चाललेली दुआ. तिला अब्बाचा नंबर पाठ आहे का? आपण कधी करून घेतला का?

मगरिबची अजान झाली. शराफियाचे दिवे लागले, रस्त्यावर काळोख उतरला. रात्र झाली म्हणजे संपलं. नाही नाही ते मनात येऊ लागलं. शेवटी इंग्लिशची लाज गुंडाळून ठेवून त्यानं बागेच्या चौकशीचा नंबर लावला. एक बाई अगदी सौम्य आवाजात बोलली. त्यानं तोडकंमोडकं सांगितलं, माझी मुलगी हरवलीय, रात्र झालीय, काहीतरी करा. बाई म्हणाली, इथं स्वच्छ ऊन आहे, सूर्य मावळायला अजून खूप अवकाश आहे, आपण घाबरू नका. बसचे नंबर पाठ केलेल्या ह्या माणसाला तिथल्या उन्हाळ्यातला सूर्य ठाऊक नव्हता!

मग बाई म्हणाली, मी लगेच सगळ्यांना कळवते, फक्त मुलीचं वर्णन सांगा. वय त्यानं सांगितलं. अंगात कपडे कुठले? त्यानं दिवसभर नुसता ठिपका बघितला होता. बरं, केस कसे बांधलेत? ठिपक्याला केस नव्हते. बाईनं धीर देत विचारलं, उंची किती असेल? पाळण्यांना उंचीची अट असते, त्यावरून शोधायला सोपं जातं.

सिराजुद्दीनच्या गळ्यात मोजपट्टी होती. दुकानातल्या कुठल्याही बॅगेची लांबी, रुंदी, उंची त्यानं झोपेतून उठवलं तरी सांगितली असती. पोरीची उंची त्याला माहीत नव्हती. त्यानं नकळत हात पुढं करून आपल्या पोटाशी धरला, मग जरा वर, मग पुन्हा खाली. फोनवरच्या बाईला ते कसं दिसणार? त्याला रडू फुटलं. भर दुकानात, गिऱ्हाइकांसमोर.

बाई म्हणाली, हरकत नाही, नाव सांगा, मी शोधायला लावते. तो नाव सांगत होता तेवढ्यात दुसरा फोन वाजू लागला. रईसा.

"आम्ही सगळे ठीक आहोत," तिनं आधी तेवढंच सांगितलं. त्यानं त्या बाईला मुलगी सापडल्याचं कसंबसं कळवलं, आभार मानायचेही राहिले, आणि मग रईसावर तो कडाडणारच होता. बॅटरी का भरून घेतली नाहीस, इथपासून त्याची तयारी होती.

"बॅटरी संपली नव्हती," रईसा म्हणाली. "मी बंद केला. तुम्ही म्हणत होता डावीकडे वळ, ठिपका बघ. मी ठिपका बघत राहिले आणि दुआचा हात कधी सुटला कळलंच नाही. ती उजवीकडं मोर दाखवत होती मला, केव्हाची. मोराच्या मागं गेली. नबीलनं धावत जाऊन धरली तिला. फोन वाजतच होता. मग मी तो बंद करून पर्समध्ये टाकला आणि तिचा हात धरला. तुम्हाला कळवायला हवं होतं, चुकलं माझं. पण राग आला होता."

"कुणाचा?"

"तुमचाच."

पलीकडं बँड अजून वाजत होता. चूक दाखवायला सिराजुद्दीनला कधी विचार करावा लागला नव्हता, पण आज दाखवायला समोर दुसरं कुणी नव्हतं.

"दुआनं आज घातलंय काय?" त्यानं विचारलं.

असा प्रश्न ह्या माणसानं कधी विचारला नव्हता. रईसा क्षणभर गोंधळली. मग म्हणाली, पिवळा फ्रॉक, दोन वेण्या. तुम्हीच आणला होता तो गेल्या ईदला. तेव्हा गुडघ्याखाली यायचा, आता गुडघ्याच्या वर गेलाय. झोपाळ्यावर बसू दिलं तिला, उंची पुरली. तीनदा बसली.

"किती आहे उंची?"

"आम्ही आलो की मोजा," रईसा म्हणाली. "पट्टी तुमच्या गळ्यातच असते की." तिचा आवाज जरा मऊ झाला होता. उद्या प्राणिसंग्रहालयात जाणार होते. जाताना फोन चालू ठेवू का, असं तिनं विचारलं, आणि बंद ठेव, फक्त पोरीचा हात सोडू नकोस, हे म्हणताना सिराजुद्दीनला जड गेलं, खोटं कशाला सांगू.

तिसरा दिवस त्यानं कसा काढला ते त्याचं त्याला माहीत. फोन दहादा खिशातून काढला आणि दहादा परत ठेवला.

परतीच्या दिवशी जेद्दाच्या विमानतळावर तो तासभर आधी जाऊन उभा होता. गाडी कुठं लावलीय, कुठल्या दारानं निघायचं, ह्यातलं एक अक्षर तो बोलला नाही. दुआ धावत आली तसा तो गुडघ्यावर बसला आणि त्यानं खिशातून मोजपट्टी काढली. येणारेजाणारे बघत होते. नबील "अब्बा, प्लीज!" म्हणून लांब जाऊन उभा राहिला. दुआ मात्र ताठ झाली, श्वास रोखून धरला आणि हळूच टाचा उचलल्या.

सिराजुद्दीनला ते दिसलं. त्यानं टाचा खाली टेकव म्हटलं नाही. होत्या तशाच धरून मोजलं.