पोरगी मोकळ्या जागी ठेवा

माझ्या बहिणीच्या पोरानं पोरगी आणली, त्या दिवशी घाटंजीचा बाजार होता. बाजाराच्या दिवशी मला मान वर करायला सवड नसते. खेड्यावरच्या बाया सकाळी ब्लाऊजचं कापड टाकून जातात आणि परतीच्या बसआधी शिवलेलं मागतात. मशीन चालू असतानाच ताईचा फोन आला. "सून आणली वं पोट्ट्यानं, गाडीवर बसवून. उंबऱ्याच्या आत घेतली, हळदीचं पाणी टाकलं. आता फादरचा आशीर्वाद राह्यला फक्त."

मी विचारलं, "तिच्या मायबापाले माहीत आहे का?"

"होईनच ना आता माहीत," ताई म्हणाली.

आमच्या घरात आजोबांपासून ख्रिस्ती धर्म आहे, पण धर्म आला म्हणून जुन्या रीती थोड्याच उठून जातात? ताईचं सासर झरी जामणीकडं, जंगलाच्या कडेला. तिकडच्या आमच्या जुन्या लोकांत पोरगी ओढून आणायची रीत होती. आणली, उंबऱ्याच्या आत घेतली, डोक्यावर हळदीचं पाणी टाकलं की झालं लग्न. मागून तिचे मायबाप यायचे, भांडायचे, जेवायचे आणि निघून जायचे. आता रीत राहिली नाही असं सगळे म्हणतात. पण ताईच्या डोक्यात लग्न लागून चुकलं होतं, चर्चमध्ये नुसता शिक्का मारून घ्यायचा बाकी होता.

दुसऱ्या दिवशी ती पोराला आणि पोरीला घेऊन फादरकडं निघाली आणि मलाही ओढलं, कारण चार माणसांत बोलायला आमच्या घरात मीच. पोरीला पाहिलं आणि ओळखलं. मागच्या नाताळात चर्चच्या गाणाऱ्या पोरींचे ड्रेस मी शिवले होते, त्यातली ही एक. वय विशीच्या पुढं, शिकलेली. माझा भाचा त्याच कार्यक्रमात ढोलक वाजवत होता, तेव्हाची ओळख. बापानं तिचं उमरखेडकडं एका वयस्क माणसाशी ठरवलं होतं, तिला ते नको होतं, आणि भाचा म्हणाला, चल. एवढं भाच्यानंच सांगितलं. ताई पोरीला, सासूला म्हणतात तसं "आत्या म्हण" असं वाटेत दोनदा बोलली, तरी ती "काकू" म्हणत राहिली.

आमचे फादर समुद्राकडचे, त्यांची मराठी पुस्तकी. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाले, "हे लग्न मी लावू शकत नाही."

ताई म्हणाली, "काहून? दोघंही आपल्याच धर्माचे आहेत."

"धर्म एकच आहे, म्हणून तर धर्माचा कायदा लागतो," फादर म्हणाले. मग त्यांनी समजावून सांगितलं. लग्नासाठी म्हणून स्त्रीला उचलून आणलं किंवा धरून ठेवलं, तर ती त्या लोकांच्या हातात आहे तोवर चर्चच्या कायद्यात लग्न होतच नाही. तिनं वेदीसमोर हो म्हटलं तरी नाही. आधी तिला त्या हातांतून सोडवायचं, सुरक्षित आणि मोकळ्या जागी ठेवायचं, मग तिनं आपल्या मनानं सांगायचं.

"आमी काही चोरी केली का, फादर?" ताईचा आवाज चढला.

"तेच पाहायचं आहे. बायबलात मोशेच्या नियमात बैल चोरणाऱ्यानं भरपाई दिली की सुटका होती. माणूस चोरणाऱ्याला मरणाची शिक्षा होती. शिक्षा आता ती राहिली नाही, पाप मात्र तेच आहे."

भाच्याचं तोंड एवढंसं झालं. तो वाईट पोरगा नाही. मला पोटचं पोर नाही, त्यालाच मी मांडीवर खेळवलाय. त्याच्याबद्दल चोर हा शब्द ऐकून मला फादरचाही राग आला, खोटं कशाला बोलू.

कुठं राहशील, असं फादरनी पोरीलाच विचारलं. तिनं आम्हा सगळ्यांकडं पाहिलं आणि म्हणाली, "शिवणाऱ्या मावशीकडे."

मी मुलाची सख्खी मावशी, म्हणून फादर जरा थबकले. पण पोरीनं स्वतः म्हटलं होतं. त्यांनी मला बजावलं की दाराला कुलूप नको, तिचा फोन तिच्याजवळ राहू दे, मुलानं भेटायचं नाही, आणि मी तिला ना हो म्हणायला शिकवायचं, ना नाही म्हणायला. रविवारी मिस्सा, म्हणजे चर्चची प्रार्थना, झाल्यावर ते तिला एकटीला विचारणार होते.

माझा माणूस एसटीवर ड्रायव्हर, मुक्काम उमरखेडला, त्यामुळे घरात आम्ही दोघीच. संध्याकाळीच तिच्या बापाचा फोन आला, तिला नाही, मला. "रविवारी लग्न लावून द्या, नाहीतर पळवून नेली म्हणून ठाण्यात रिपोर्ट टाकतो," तो म्हणाला. मी म्हटलं, तिच्याशी तरी बोला. तो म्हणाला, "तिच्याशी काय बोलू? उमरखेडवाल्यानं नाही म्हटलं. आता दुसऱ्याच्या घरात राह्यलेली पोरगी मी कुठं नेऊ?"

मी फोन ठेवला आणि परत मशीनवर बसले. म्हणजे ताईला लग्न पाहिजे, भाच्याला पाहिजे, तिच्या बापालाही आता पाहिजे. ती हो म्हणाली तर सगळं निभावलं. नाही म्हणाली तर माझा भाचा ठाण्यात. आणि मी तोंड उघडायचं नाही! धरलं तर चावतं, सोडलं तर पळतं, अशी माझी गत. गप्प बसणं मला कधी जमलं नाही, माझ्या माणसाला विचारा. दर घासाला ओठावर यायचं, "बाई, हो म्हण ना वं, पोट्टं चांगलं आहे." घासाबरोबर ते गिळत होते.

पोरगी दिवसभर खाली बसून ब्लाऊजला हूक लावायची. हात साफ होता. कोणाची गाडी गल्लीत वाजली की सुई थांबायची. भाचा एकदा कोपऱ्यावर येऊन उभा राहिला. मी चप्पल न घालताच गेले आणि म्हटलं, "लेका, इथं दिसला तं तंगडं मोडीन." तो म्हणाला, "मावशी, तिले एवढंच विचार, जेवते का?" मला रडू आलं, पण त्याला हाकललंच.

फादरनी सांगितलं म्हणून मी दार नुसतं लोटून ठेवत होते. रात्रीसुद्धा कडी घालत नव्हते, म्हणजे उद्या कोणी म्हणायला नको की कोंडून ठेवली. स्वतःच्या इमानदारीवर मी खूश होते. तिचे डोळे मात्र रोज जास्त सुजलेले दिसायचे. मला वाटायचं, रडत असेल, मायची आठवण येत असेल. शनिवारी सकाळी चहा पिताना ती म्हणाली, "मावशी, कडी लावत जा ना. दार उघडं असलं की झोप येत नाही. वाटते, कोणीही येईन आणि घेऊन जाईन."

हे मला सुचलं नव्हतं. मी तिला कडी दाखवली, जरा अडकते, वर उचलून सरकवावी लागते, ते सांगितलं. म्हटलं, तूच लाव, तूच काढ. त्या दिवशी तिनं दुपारीच कडी लावली आणि दिवे लागेपर्यंत झोपली. दोन बाया कापड घेऊन आल्या, त्यांना मी खिडकीतूनच उद्या या म्हणून परत पाठवलं. मशीन चालवली नाही. काय स्वप्नं पाहत असेल कोण जाणे, मी मात्र बसल्या बसल्या माळ हातात घेऊन प्रार्थना करत होते, आणि माझ्या प्रार्थनेत एकच शब्द होता, हो. देवाला शिकवू नको असं फादर म्हणाले नव्हते.

रविवारी मिस्सा झाली. फादर तिला आतल्या खोलीत घेऊन गेले. ताई, भाचा आणि मी बाहेर बाकावर बसलो. ताईनं पिशवीत नवी साडी आणली होती, हो म्हटल्याबरोबर नेसवायला. भाचा सारखा घाम पुसत होता. त्याच्याकडं पाहिलं की मला ठाण्याची पायरी दिसायची. आत किती वेळ गेला कोण जाणे.

ती बाहेर आली, मागं फादर. ती सरळ भाच्यासमोर उभी राहिली. एवढ्या दिवसांत तिचा एवढा मोकळा आवाज पहिल्यांदा ऐकला.

"गाडीवर मी माझ्या मनानं बसली. मले घरातून निघायचं होतं. ठाण्यात कोणी विचारलं तं हेच सांगीन, तुले काही होऊ देणार नाही. पण लग्न करते का, हे तू मले विचारलंच नाही. आता फादरनी विचारलं. माझं मन नाही."

भाचा बोलला ते मला अजून ऐकू येतं. "मले वाटलं, बसली म्हणजे..." तो मान खाली घालून बसून राहिला. माझा जीव भांड्यात पडला आणि तुटलाही, दोन्ही एकदमच. तो ठाण्यापासून वाचला होता आणि त्याच्या डोळ्यांतून पाणी चाललं होतं.

फादर हळू आवाजात म्हणाले, "संपलं. ती मोकळी आहे."

पण ताईचं संपलं नव्हतं. ती उठली. "मन? मन काय असते? मलेही असंच आणलं होतं, बाजारातून, हाताला धरून. मी राह्यली ना? संसार केला ना? हे पोट्टं झालं ना?"

आमच्या घरात हे कधी कोणी बोललं नव्हतं. मी तेव्हा फार लहान होते. ताई बाजारातून परत आली नाही आणि आईनं तिचं ताट वाढून तसंच झाकून ठेवलं, एवढंच मला माहीत. पुढं कोणी विचारलं की आई म्हणायची, ताईचं लग्न झालं.

पोरगी चिडली नाही. ताईच्या जवळ गेली आणि अगदी साध्या आवाजात म्हणाली, "काकू, तवा तुमाले कोणी विचारलं असतं, तं तुमी काय म्हटलं असतं?"

ताईनं तोंड उघडलं. मला वाटलं, आता शिवी देते. भाच्यानं मान वर करून मायकडं पाहिलं. तोही उत्तराची वाट पाहत होता. ताईनं त्याच्याकडं पाहिलं, मग माझ्याकडं, नव्या साडीची पिशवी बाकाखाली सरकवली आणि खाली बसली.