रिकाम्या खुर्च्यांवरचे रुमाल

बायकोची किडनी मला बसवली तवापासून दर महिन्याला गंगापूरहून संभाजीनगरच्या दवाखान्यात तपासायला जातो. तिथं एक शिपाई चाचा हायेत. एक सोडून एक खुर्चीवर रुमाल टाकून ठेवतेत. मला वाटलं, एसटीत धरतेत तशी वळखीच्यासाठी जागा धरली.

"चाचा, ही जागा कुणाची?"

"हवा की है."

मास्क नाकाखाली घसरला की म्हणणार, "दूल्हेमियाँ, सेहरा ऊपर!"

डाक्टर म्हणले, तुमच्यासारख्या किडनी बसवलेल्याच्या छातीत बुरशी धरती, खोकल्यातून एकाची दुसऱ्याला लागती. मी म्हणलं, "साहेब, मी काय शिळी भाकर हाय व्हय?" लई हसलो. एकटाच.

मागल्या खेपेला शेजारचा पेशंट खोकत व्हता, पण गप्पिष्ट. चाचांची पाठ फिरली न् मी रुमाल उचलून त्याला चिटकून बसलो. चाचा आले. वरडले नाय. रुमाल चिमटीत धरून पिशवीत टाकला.

"किडनी किसने दी?"

"बायकोनं."

"उससे पूछ के बैठे?"

ह्या खेपेला खोकला घेऊनच गेलो. दारातूनच म्हणलं, "चाचा, नवरदेव आला!" ते हसले नाय. मला कोपऱ्यात खिडकीपाशी बसवलं, बाजूच्या तिन्ही खुर्च्यांवर रुमाल टाकले न् डाक्टरला बोलवायला पळत गेले.

तेवढ्यात बायको केसपेपर काढून आली. "अवो, एवढ्या जागा कुणासाठी धरल्या?"

मी सेहरा नाकावर वढला.