पास झालेली जीन

अहवालाच्या चौदाव्या पानावर एक वाक्य आहे: ‘मजूर जमिनीवर दररोज पाणी शिंपडतात.’ हे वाक्य गोजरबाईचे.

गोजरबाईने खामगावच्या एका जीनमध्ये, म्हणजे सरकीपासून रुई वेगळी करणाऱ्या कारखान्यात, एकोणीस हंगाम काढले. रेचा म्हणतात त्या यंत्रात ती कापूस सारीत असे. छपराखाली धूळ इतकी, की समोरच्या रेच्यावरची शाहजादी आवाजावरूनच ओळखावी लागे. सुटीनंतरच्या दिवशी दोघींची छाती आवळून येई. त्याचे कारण त्यांच्यापुरते ठरलेले होते: गरिबाला आराम मानवत नाही.

१९६३च्या हंगामात तिची मुलगी कोकिळा त्याच ओळीत उभी राहिली आणि दुसऱ्या महिन्यात खोकू लागली. त्याच सुमारास धुळीचा अभ्यास करणारे एक संशोधक नागपूरहून आले. मजुरांना नळीत फुंकायला लावून त्यांनी सांगितले, “उद्या हवा तपासू. निकाल पाहून सरकार धूळ ओढणारे पंखे सक्तीचे करील.”

गोजरबाईला ठाऊक असलेल्या तपासण्या दोनच, शाळेची आणि गावच्या स्वच्छतेची. दोन्हींत नीटनेटक्यालाच काही मिळे. दुसऱ्या दिवशी ती तासभर आधी आली, रेचे पुसले आणि जमिनीवर पाणी मारू लागली.

“काऊन वं, लगीन हाय का तुह्या घरी?” शाहजादीने विचारले.

“पंखा पाह्यजे ना पोरीले? मंग उचल बादली. घाणीत कोन पंखा देईन?”

“गोजरे, साहेबासाठी रांगोळी बी काढ!” मुकादम माणिकराव हसला, पण त्याने तिला थांबवले नाही.

संशोधकांनी उपकरण टांगले. ओली जमीन पाहून त्यांनी विचारले, “पाणी रोज मारता?”

‘नाही’ म्हणणे म्हणजे पाहुण्यासमोर आपले घर झाडलेले नसते असे कबूल करणे.

“हाव साहेब, रोज.”

फाल्गुनात अहवाल आला. “जीन पास झाली बे!” माणिकराव दारातूनच ओरडला. गोजरबाईने ओळीत गूळ वाटला, मग त्याला विचारले, “पंखे कधी लागतीन?”

“पंखे कायले? नापास झाली असती तर लागले असते.”

तिने टपालघरासमोर बसणाऱ्या लेखनिकाकडून नागपूरला पत्र लिहवले. ‘पाणी एकच दिवस मारलं. मी खोटी बोलली. पोरगी खोकते.’ खाली अंगठा उठवला. उत्तर नम्र होते: पत्राची नोंद घेतली आहे, अहवाल पुढे पाठविला गेला असल्याने आता बदल शक्य नाही.

मग तिने माणिकरावाकडे रोज पाणी मारण्याची परवानगी मागितली. “ओल्यानं रुई डागते, बाई,” तो म्हणाला. या वेळी तो हसला नाही. “पाहुन्यासाठी एक दिवस चाललं.”

पुढच्या हंगामातील पहिल्या सुटीनंतर कोकिळा दुपारीच रेच्यावरून उतरली आणि छाती धरून दाराशी बसली. ओठ काळसर पडले होते. शाहजादीने पाण्याचा तांब्या पुढे केला आणि सवयीने म्हणाली, “आराम मानवला नाई पोरीले.”

एकोणीस वर्षे या वाक्याला गोजरबाई ‘हाव’ म्हणत आली होती. त्या दिवशी तिने छपराखालच्या धुळीकडे पाहिले. कोकिळेच्या रेच्यावर कापूस साचू लागला होता. तिने तो सारायला घेतला.